म्हैस दूध चोरते म्हणजे काय करते?

आई लग्नासाठी तीन दिवस माहेरी गेली आणि आमच्या म्हशीचं एका वेळचं दूध पाच लिटरांवरून दोनवर आलं. वैरण तीच, आंबोण तेच, गोठाही तोच. धारेला आईऐवजी मी बसलो होतो, एवढाच फरक. कास भरून ताठ झाली होती, म्हणजे दूध आत होतं. सुरुवातीच्या धारा बादलीत वाजल्या, थोडा वेळ बरं चाललं, मग सड हातात सैल पडले. शेजारच्या काकू बांधावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चोरतीया ती. तुझ्या हाताला न्हाई सोडायची."

दुभतं जनावर असलेल्या प्रत्येक घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतं. ज्यांनी जनावर पाळलेलं नाही त्यांना मात्र प्रश्न पडतो. दूध कासेत आहे, सड माणसाच्या हातात आहेत, मग म्हैस ते अडवते कशी? मुद्दाम अडवते का? माझा आतेभाऊ दर मे महिन्यात पुण्याहून यायचा आणि हेच विचारायचा. त्याला त्या वेळी मी धड उत्तर देऊ शकलो नाही, कारण हे समजून घ्यायचं तर आधी कास आतून कशी असते ते ठाऊक हवं.

१. कास म्हणजे पिशवी नव्हे

पखालीत पाणी भरावं तसं कासेत दूध भरतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं असतं तर सड दाबताच सगळं दूध खाली आलं असतं. पण कास आतून स्पंजासारखी असते. तासगावकडच्या बागेतला द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक मण्याला बारीक देठ, असे अनेक देठ मिळून एक जाड देठ, आणि ते सगळे शेवटी मुख्य दांड्याला जुळलेले. आता हे सगळे देठ आतून पोकळ आहेत आणि मणी डोळ्याला दिसणार नाहीत इतके लहान आहेत, अशी कल्पना करा. दूध या मण्यांच्या भिंतीत रक्तापासून तयार होतं आणि मण्यातच साठतं. मुख्य दांडा जिथे खाली उतरतो तिथे, सडाच्या वर, एक छोटी पोकळी असते.

गाईच्या कासेत धारेच्या वेळी जेवढं दूध असतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा या पोकळीत उतरलेला असतो. म्हशीत तो फक्त विसावा हिस्सा असतो. म्हणजे पाच लिटर देणाऱ्या म्हशीच्या सडांवर पाव लिटरच दूध तयार उभं असतं. बाकीचं पावणेपाच लिटर वर मण्यांमध्ये अडकलेलं असतं. ओला स्पंज उलटा धरला तरी पाणी आपोआप गळत नाही, तसंच ते. माणसाच्या बोटांत कितीही जोर असला तरी त्याचा दाब त्या मण्यांपर्यंत पोचत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. चार सड म्हणजे चार वेगळ्या खोल्या. एकीतलं दूध दुसरीत जात नाही. म्हणूनच एका सडाला दगडी (कासेचा दाह) झाली तरी उरलेल्या तीन सडांचं दूध चांगलं असू शकतं.

२. कडब्याचं दूध होतं कसं?

एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. म्हशीच्या पोटाखालून बोटाएवढी जाड, नागमोडी शीर पुढे गेलेली दिसते. तिला दुधाची शीर म्हणतात. कासेतून परतणारं रक्त तिच्यातून हृदयाकडे जातं. बाजारात जुना जाणकार म्हशीचे दात बघून झाले की वाकून ही शीर बघतो.

पण रक्तात दुधाचा माल येतो कुठून? आपण कडबा चावून गिळला तर आपल्याला त्यातलं काही मिळणार नाही. खरं तर म्हशीच्या स्वतःच्या पाचकरसांनाही तो पचत नाही. तो पचवतात तिच्या पोटातले सूक्ष्मजीव. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला कप्पा, कोठीपोट, सगळ्यांत मोठा. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरांहून जास्त माल मावतो. हे कोठीपोट म्हणजे कायम ऊबदार ठेवलेलं आंबवणाचं भांडं आहे. वैरण त्यात भिजते, आंबते आणि कोट्यवधी सूक्ष्मजीव तिचं आम्लात रूपांतर करतात. गोबरगॅसची टाकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आत हवा नाही, शेणकाला कुजतो आहे आणि गॅस वर येतो आहे. ती टाकी म्हणजे याच पोटाची जमिनीत बांधलेली नक्कल आहे. म्हैस हा गॅस ढेकरांवाटे बाहेर टाकते.

या आम्लांपैकी एक म्हणजे अ‍ॅसेटिक आम्ल, ज्याच्यामुळे व्हिनेगर आंबट लागतं. दुधातल्या स्निग्धाचा मोठा भाग कास या आम्लापासून बनवते. आणि ते जास्त तयार होतं कडब्यासारख्या तंतुमय वैरणीपासून. कडबा महाग झाला म्हणून तो कमी करून पोत्यातली पेंड वाढवली की फॅट उतरते, ती याच कारणाने. लोकांना वाटतं पेंडीत भेसळ आहे. कधी ती असेलही, पण आधी गव्हाणीत कडबा किती पडतो ते बघावं.

दुपारी म्हैस सावलीत बसून रवंथ करते तेव्हा ती आराम करत असते असं दिसतं. प्रत्यक्षात तिचं दिवसातलं सगळ्यांत मोठं काम चाललेलं असतं. गिळलेला घास गोळ्यागोळ्याने वर येतो. गळ्याखालून तो सरकताना बाहेरूनही दिसतो. एका गोळ्याला चाळीस ते साठ वेळा चावून ती पुन्हा खाली पाठवते. दिवसाकाठी हे सात-आठ तास चालतं. चावताना जी लाळ सुटते तिच्यात खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो, त्याने पोटातला आंबटपणा आटोक्यात राहतो. लाळ कमी पडली तर आम्ल वाढतं आणि सूक्ष्मजीव मरू लागतात. माझ्या आजोबांना हे आम्लाचं गणित माहीत नव्हतं. पण गोठ्यात शिरताच ते आधी म्हशीच्या तोंडाकडे बघायचे. तोंड हलतंय ना? मग डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून उभे राहायचे. निरोगी जनावरात कोठीपोट मिनिटाला एक-दोन वेळा घुसळतं आणि मूठ बाहेर ढकलली जाते. मूठ ढकलली गेली नाही तर त्या दिवशी डॉक्टरांना निरोप जायचा.

एका पावसाळ्यात ओल्या लसूणघासाचा भारा सकाळीच, रिकाम्या पोटी, गव्हाणीत पडला. घरात घाई होती. तासाभरात डावी कूस फुगली. वर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज. कोवळ्या घासाने पोटात फेस धरला होता आणि फेसातला गॅस ढेकर होऊन बाहेर पडेना. डॉक्टर वेळेत आले, त्यांनी फेस मोडण्यासाठी तेल पाजलं आणि म्हैस वाचली. तो तास मला अजून विसरता येत नाही. तेव्हापासून आमच्याकडे आधी सुकी वैरण आणि मगच हिरवी, हा क्रम कधी मोडलेला नाही.

३. पान्हा

आता परत कासेकडे. दूध मण्यांमध्ये आहे, ते खाली यायचं कसं? प्रत्येक मण्याभोवती बारीक स्नायूंची जाळी असते. ती आवळली की मणी दाबला जातो आणि दूध देठांतून खाली उतरतं. सोऱ्यात पीठ आहे, पण दट्ट्या फिरवल्याशिवाय शेव पडत नाही, तसं. हा दट्ट्या माणसाच्या हातात नाही. तो फिरतो एका संदेशाने.

रेडकू सडाला तोंड लावतं, ढुसण्या देतं. किंवा माणूस कोमट पाण्याने सड धुतो, चोळतो. हा स्पर्श नसांवाटे मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, ती ऑक्सिटोसिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. रक्तातून ते कासेत येतं, सगळ्या जाळ्या एकदम आवळल्या जातात आणि मघाशी सैल असलेले सड बघता बघता टपोरे होतात. यालाच आपण पान्हा म्हणतो. गाय साधारण मिनिटाभरात पान्हवते, म्हशीला बऱ्याचदा दोन मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात. पाच-सात मिनिटांत या द्रव्याचा जोर ओसरतो. म्हणून एकदा पान्हा आला की धार सलग, न थांबता काढायची असते. मध्येच फोन वाजला म्हणून उठलं तर परत बसेपर्यंत पान्हा गेलेला असतो.

मराठीत आईलाही पान्हा फुटतो आणि म्हशीलाही. शब्द एकच आहे आणि तो अगदी नेमका आहे, कारण दोघींच्या अंगात घडतंही एकच. बाळंतपणाच्या कळाही याच द्रव्याने येतात. व्यायल्यावर रेडकाला लवकर सडाला लावलं तर जार (वार) पडायला मदत होते, असं जुन्या बायका सांगतात. त्यामागे हेच कारण आहे.

४. मांजर आणि कागदी पिशव्या

हा संदेश नसांतून नाही तर रक्तातून कासेपर्यंत येतो, हे कळलं कसं? १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एली आणि पीटरसन या दोन संशोधकांनी एका गाईच्या अर्ध्या कासेच्या नसा तोडल्या. नसांतून संदेश येत असता तर त्या बाजूला पान्हा आला नसता. पण दोन्ही बाजूंना सारखाच आला. मग त्यांनी दुसरा प्रयोग केला. धारेच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि शेजारी दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फुगवून फोडल्या. गाय घाबरली आणि तिने दूध सोडलं नाही. न घाबरवता तिला नुसतं अ‍ॅड्रेनलिन टोचलं, तरी तेच झालं.

अ‍ॅड्रेनलिन म्हणजे भीतीच्या क्षणी रक्तात उतरणारं द्रव्य. त्याने छाती धडधडते आणि अंग पळायला तयार होतं. जनावर घाबरलेलं असताना मेंदू पान्ह्याचा संदेश नीट सोडत नाही. शिवाय कासेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जो काही सुटतो तोही कमी पोचतो.

माझ्या हाताला म्हशीने दोन लिटर दिलं आणि तीन ठेवलं, त्याचा अर्थ आता लागतो. पान्हा अर्धवट आला होता. माझा वास वेगळा, हाताची पकड वेगळी, बसण्याची जागा थोडी वेगळी. तिने ठरवून काही केलं नाही. सभेत पहिल्यांदा बोलायला उभं राहिलं की आपलं तोंड कोरडं पडतं. त्या वेळी आपण लाळ चोरत नसतो. म्हशीचंही तसंच असतं. म्हणून या "चोरण्या"वरून तिला काठी मारणं हे क्रूर तर आहेच, शिवाय उलटं आहे. एक फटका म्हणजे आणखी अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे उद्याचा पान्हाही गेला.

मग गोठ्यात शांतताच हवी का? कोल्हापुरात जाऊन बघा. तिथे म्हशी भर शहरातल्या दूध कट्ट्यावर आणतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून धारोष्ण दूध देतात. गाड्यांचे हॉर्न, माणसांची गर्दी, आणि म्हैस तिथे पान्हवते. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस यासाठी प्रसिद्धच आहे. तिच्यासाठी तो गोंगाट रोजचा आहे. म्हशीला शांततेपेक्षा ओळखीची गरज असते. रोजचा आवाज, रोजची वेळ, रोजचा हात. बादलीची कडी वाजली की काही म्हशींच्या सडांतून थेंब गळू लागतात, कारण त्या आवाजामागून धार येते हे त्यांचा मेंदू शिकलेला असतो.

पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचणारेही आहेत. दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला अपाय होईल असं काही टोचणं आणि जनावराच्या योनीत हवा फुंकून पान्हा आणण्याची जुनी फुक्याची रीत, या दोन्हींवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. रोज सुई टोचली की म्हैस सुईशिवाय पान्हवेनाशी होते. पाच मिनिटं सड चोळण्याचे कष्ट वाचवायला जनावराचं स्वतःचं यंत्र बंद पाडायचं, हे मला कधीच पटलं नाही.

५. शेवटचा लिटर

अडवलेलं दूध उद्या मिळेल, असं वाटतं. तसं होत नाही. मणी भरलेले राहिले की त्यांच्या भिंती नवं दूध करणं मंदावतात. असं आठ-दहा दिवस चाललं तर म्हैस दुधाला कमी होत जाते आणि वेळेआधी आटते.

फॅटचं नुकसान वेगळं. दुधातले स्निग्ध कण मण्यांत मागे रेंगाळतात आणि शेवटी उतरतात. त्यामुळे पहिल्या धारा पातळ आणि शेवटच्या सायीच्या असतात. समजण्यासाठी एक हिशेब करू. समजा म्हशीचं पहिलं चार लिटर दूध सरासरी ६ फॅटचं आहे आणि शेवटचा एक लिटर १० फॅटचा. चार लिटरांत ढोबळमानाने २४० ग्रॅम स्निग्ध आणि शेवटच्या एका लिटरात १०० ग्रॅम. एकूण पाच लिटरांत ३४० ग्रॅम, म्हणजे फॅट लागली ६.८. शेवटचा लिटर कासेत राहिला तर डेअरीत चार लिटर भरणार, आणि तेही ६ फॅटचं. लिटरही गेला आणि उरलेल्या प्रत्येक लिटरचा दरही घसरला. आईच्या त्या तीन दिवसांत डेअरीच्या पुस्तकातले दोन्ही रकाने का घसरले, ते मला हा हिशेब मांडल्यावर समजलं.

६. रेडकाचा वाटा

पान्हा मुळात रेडकासाठी असतो. आपल्याकडची रीत अशी: आधी रेडकू सोडायचं, ते चार घोट पितं, म्हैस पान्हवते. मग त्याला तिच्या तोंडापाशी बांधायचं. ती त्याला चाटत राहते आणि इकडे धार निघते. शेवटी ते परत सोडायचं. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची जुनी रीत होती, केवळ त्या वासावर ती पान्हवावी म्हणून.

व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाला चीक म्हणतात. आपल्याला त्याचा खरवस आठवतो. रेडकासाठी मात्र तो जगण्याचा प्रश्न असतो. म्हशीच्या वारेतून रोगाशी लढणारी द्रव्यं पोटातल्या पिल्लापर्यंत पोचत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. आणि ती जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची ताकद तासातासाने कमी होते. एका दिवसात ती जवळपास संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर. त्यातून उरला तर खरवस.

रेडी असेल तर तिला नीट पाजतात. नर रेडकाच्या वाट्याला मात्र पुष्कळदा रिकामी कास येते, आणि ते महिना-दोन महिन्यांत खंगून जातं. हे सगळ्यांना दिसतं आणि कोणी बोलत नाही. निदान त्याचा चीक तरी त्याला मिळावा.

७. गोठ्याचं घड्याळ

इतकं कळल्यावर घरच्या कामांचा क्रम वेगळा दिसू लागतो. पहाटे पाचला दिवा लागतो, शेण भरलं जातं, गव्हाण झाडली जाते. या आवाजांनीच म्हशीची तयारी सुरू होते. मग आंबोण, सड धुणं, धार. दोन धारांमध्ये साधारण बारा तास. धार झाली की लगेच वैरण टाकायची, आणि यामागे कारण आहे. धारेनंतर सडाचं छिद्र अर्धा तास उघडं असतं. म्हैस लगेच शेणात बसली तर रोगजंतू आत शिरतात आणि दगडी होते. गव्हाणीत वैरण असली की ती उभी राहते. मग पाणी. म्हशीच्या दुधात शंभरातले ऐंशीहून जास्त भाग पाणीच असतं, त्यामुळे पाण्याला हात आखडला की दूध पहिलं आटतं. उन्हाळ्यात दुपारी तिच्या अंगावर पाणी मारावं लागतं. काळं कातडं आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूप कमी, म्हणून तिला डोहात बसायला आवडतं.

कोंबड्यांचं घड्याळ वेगळं. एक अंडं तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात आणि त्यातले वीस नुसते कवचाला. म्हणून आज सकाळी आठला अंडं घालणारी कोंबडी उद्या नऊला घालते, परवा दहाला. असं सरकत सरकत दुपार झाली की एक दिवस खाडा. "कोंबडी आज बसली न्हाई" असं आजी म्हणायची, तो हाच दिवस. शेळी पाच महिन्यांत विते, गाय नऊ महिने नऊ दिवसांत, म्हैस दहा महिने दहा दिवसांत. हे आकडे आमच्या घरात गोठ्याच्या दारामागे खडूने लिहिलेल्या तारखांवरून पाठ झाले.

८. दुसरा हात

दोन-चार जनावरांच्या घरात धारेचा हात बहुधा एकाच बाईचा असतो. ती आजारी पडली, कुठे गेली, की सगळं अडतं. कितीतरी बायका स्वतःच्या भावाच्या घरीही मुक्कामाला राहत नाहीत, "म्हस दुसऱ्याला देत न्हाई" म्हणून. हे बदलता येतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात.

वहिनी घरात आली तेव्हा आईने तिला पहिला आठवडा धारेला बसू दिलं नाही. फक्त आंबोणाची पाटी तिने न्यायची, म्हशीच्या मानेवरून हात फिरवायचा, नावाने हाक मारायची. पुढच्या आठवड्यात आई धार काढत असताना वहिनी तिच्याशेजारी बसू लागली. मग सड धुण्याचं काम तिच्याकडे आलं, आणि मग मागचे दोन सड. पान्हा आईने आणायचा आणि धार वहिनीने काढायची, असं काही दिवस चाललं. शेवटी आई गोठ्याच्या दारात उभी राहू लागली, मग परड्यात, मग घरात.

पुढच्या आषाढात आई वारीला गेली. पहिल्या दिवशी डेअरीत साडेचार लिटर भरलं, तिसऱ्या दिवसापासून पाच. ती परत आल्यावरही आठवड्यातले दोन दिवस धार वहिनीकडेच ठेवली आहे, म्हशीची तिच्या हाताची सवय मोडू नये म्हणून.